सुकामेव्याची चॉकलेट बार्क घरी कशी करावी

बार्क म्हणजे वर सुकामेवा पसरून आळवलेली आणि हाताने मोडलेली चॉकलेटची पातळ लादी. घरी केलेली बार्क हाताला चिकटते, नाहीतर दोन-चार दिवसांत तिच्यावर पांढुरके डाग येतात. चूक बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असते: तापमानात, नाहीतर पाण्यात.

साहित्य: डार्क चॉकलेट 300 ग्रॅम, बदाम, पिस्ते, अक्रोड मिळून 80 ग्रॅम, सुकवलेली क्रॅनबेरी, जर्दाळू किंवा मनुका 50 ग्रॅम, चिमूटभर जाडं मीठ. चॉकलेटच्या वेष्टनावर कोको बटर लिहिलेलं आहे ना, ते बघा. त्याऐवजी वनस्पती तूप किंवा दुसरी चरबी असेल तर ते कंपाउंड. ते नुसतं वितळवून ओतलं तरी घट्ट होतं, पण तोंडात तसं विरघळत नाही. चॉकलेट चिप्स शक्यतो नकोत. त्या वितळल्यावरही दाट राहतात आणि नीट पसरत नाहीत.

सुकामेवा ओव्हनमध्ये 160 अंश सेल्सियसला 8 ते 10 मिनिटं भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट बदाम टाकले तर त्यांच्याभोवतीचं चॉकलेट नीट आळत नाही. जर्दाळू मनुकेएवढे चिरा. ताजी फळं अजिबात घालू नका: पाणी सुटतं, तुकडे निसटतात आणि बुरशी लवकर धरते. 25 बाय 20 सेंटिमीटरच्या ट्रेला बेकिंग पेपर आधीच लावून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही.

आता टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानाला गार करणं, म्हणजे त्यात हवे तेच स्फटिक तयार होतात. कोको बटरचे स्फटिक अनेक प्रकारचे असतात. त्यातल्या एकामुळेच चॉकलेटला चकाकी येते आणि मोडताना कट्‌ असा आवाज येतो. तो प्रकार साधारण 34 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून थर्मामीटर हवाच.

चॉकलेट बारीक चिरा. त्यातलं 200 ग्रॅम कोरड्या भांड्यात घेऊन मंद वाफेवर वितळवा. भांड्याचा तळ खालच्या पाण्याला टेकू देऊ नका. 45 ते 48 अंश झाले की उतरवा आणि तळ लगेच पुसा. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी साखरेचे कण एकमेकांना चिकटून चॉकलेटचा गोळा होतो. तसं झालं तर ते बार्कसाठी गेलंच. गरम दूध घालून सॉस करा.

उरलेलं 100 ग्रॅम तीन-चार वेळा थोडं थोडं घालत, सतत ढवळत 31 ते 32 अंशांवर आणा. या चिरलेल्या चॉकलेटमध्ये हवे ते स्फटिक तयारच असतात, त्यामुळे ते चकाकतं, डाग नसलेलंच घ्या. मिल्क चॉकलेट 45 अंशांपुढे नेऊ नका आणि 29 ते 30 वर वापरा. व्हाइट 28 ते 29 वर. सुरीच्या टोकाला थोडं लावून बघा: पाच मिनिटांत चकाकत आळलं तर जमलं. रेघा दिसल्या तर आणखी ढवळा. ही चाचणी टाळू नका, ओतल्यावर चूक सुधारता येत नाही.

ट्रेमध्ये ओतून 5 मिलिमीटर जाडीत पसरा, ट्रे दोन-तीनदा ओट्यावर आपटून बुडबुडे काढा. दोन मिनिटांच्या आत सुकामेवा आणि फळं टाकून हलकेच दाबा. उशीर केला तर ती वरच राहतात आणि मोडताना गळून पडतात. मीठ सर्वांत शेवटी.

20 अंशांच्या आसपासच्या खोलीत तासभर ठेवा. खोली गरम असेल तर फ्रिजमध्ये 10 ते 15 मिनिटं, त्याहून जास्त नको. फार गार झालेल्या बार्कवर बाहेर काढताच दव धरतं, साखर विरघळते आणि ते वाळल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. बोट घासल्यावर डाग विरघळून गेला तर तो चरबीचा, म्हणजे टेम्परिंग चुकलं किंवा साठवण गरम जागी झाली. तसाच खरखरीत राहिला तर साखरेचा. दोन्ही खायला सुरक्षित असतात.

पूर्ण आळल्यावर हातानेच मोडा. हवाबंद डब्यात, 15 ते 18 अंशांच्या कोरड्या जागी, थरांमध्ये कागद घालून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत संपवा. चॉकलेट त्यानंतरही टिकतं, पण अक्रोड खवट होऊ लागतात.