सत्तरीच्या डोंगरांत तीन दिवस: केव्हा जावे आणि काय करावे

गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या डोंगरांत सुट्टी घालवायची तर सर्वांत आधी महिना ठरवावा. जुलैत जो वझर, म्हणजे धबधबा, पाहायला माणसे गर्दी करतात त्याच्या जागी मार्चमध्ये नुसता कातळ दिसतो, आणि मार्चमध्ये काजूच्या ज्या बागेत दिवसभर वर्दळ असते तिथे जुलैत चिटपाखरूही नसते. महिना ठरला की मुक्कामाचे गाव एकच निवडावे. वाळपईच्या आसपास किंवा चोर्ला घाटाच्या बाजूला एखाद्या घरी उतरण्याची सोय पाहावी आणि जेवायला किती माणसे आहेत हे आदल्या दिवशीच कळवावे, कारण तिथे नाचणीची भाकरी मोजूनच थापली जाते. तीन दिवसांत सगळा तालुका पालथा घालणाऱ्यांचा बराचसा वेळ गाडीतच जातो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी चरावणे, हिवरे, पाली या गावांकडील धबधब्यांचा विचार करावा. यातील बरेचसे रान १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात किंवा त्याच्या काठावर येत असल्यामुळे प्रवेशाचे नियम वन खात्याकडे आधी विचारून घ्यावेत आणि गावातील जाणता माणूस सोबत घ्यावा. वाट दाखवण्यापेक्षाही पाणी ओळखण्यासाठी त्याचा अधिक उपयोग होतो. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो आणि ओहोळ पाहता पाहता फुगतो. नितळ पाणी अचानक गढूळ झाले आणि त्यातून पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, की फोटो राहिला तरी चालेल, पण काठावर चढावे, आणि शक्यतो परतीची वाट ज्या बाजूला आहे त्याच काठावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमके पलीकडच्या काठावर चढलो आणि गुडघाभर ओहोळ पुन्हा ओलांडण्याजोगा होईपर्यंत अडीच तास भिजत बसलो.

जळवांची भीती बाळगू नये. त्यांची सवय करून घ्यावी. चिकटलेली जळू ओढू नये, मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावले की ती आपोआप गळून पडते. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून जखम थोडा वेळ वाहते. ती धुऊन कापडाने दाबून धरावी. ज्यांना चालायचे नाही त्यांनी चोर्ला घाटातून वज्र-सकला धबधबा दुरूनच पाहावा, मात्र धुके हटेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

माझ्या मते सत्तरीचा खरा हंगाम मार्च-एप्रिलचा. काजूची बोंडे झाडावरून तोडत नाहीत. पिकून गळलेली सकाळी वेचतात, बी पिळून वेगळी करतात आणि बोंडे ‘कोळंबी’ नावाच्या दगडी कुंडात पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा गोल ढीग रचून तो वेलीने आवळतात आणि वर धोंडा ठेवतात. धोंड्याच्या भाराने थेंब थेंब गळणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. तो त्याच दिवशी प्यावा, कारण उद्यापर्यंत तो आंबू लागतो. तुडवलेला रस मात्र मुद्दाम आंबवून भाणात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात, उकळतात. पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केलेली फेणी यांतला फरक पिणाऱ्यांना माहीत असतोच. न पिणाऱ्यांनीही या दारूच्या भाटीजवळ (भट्टीजवळ) तासभर बसावे, फक्त मालकाला विचारून, आणि त्याच्या कामाच्या आड न येता.

याच कोरड्या दिवसांत रानात गोचिडींपासून होणाऱ्या माकडतापाचा धोका असतो. सत्तरीत २०१५ साली पाली गावात त्याचे रुग्ण आढळले होते. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवावेत आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवावे. पुढील काही दिवसांत ताप आलाच, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

देवळांसाठी अर्धा दिवस राखावा. नगरगावच्या बाजूला ब्रह्माकरमळीला ब्रह्मदेवाची कदंब राजवटीतील मूर्ती आहे. ती मूळची तिसवाडीतील करमळीची, सोळाव्या शतकात धर्मांतराच्या धामधुमीत इकडे हलवलेली. काळ्या पाषाणातील महादेवाचे मंदिर पाहायचे असेल तर तांबडी सुर्ला गाठावे लागते. ते धारबांदोडा तालुक्यात आहे, आणि सत्तरीतले घाटावरचे सुर्ला हे निराळे गाव. नकाशात नुसते ‘सुर्ला’ टाकणारे भलत्याच घाटात पोहोचतात. मंदिरात खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे, तो वाकून पाहावा.

वाटेत देवराई लागली तर वाळकी काटकीही उचलू नये. शिगम्यात (शिमग्यात) गेल्यास रणमाले हे लोकनाट्य कोणत्या गावात, कोणत्या रात्री आहे, हे घरमालकाकडून समजून घ्यावे, आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने आला असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे उतरतानाच वाहकाला विचारावे.