पुस्तक दिसताच पळणाऱ्या मुलाला वाचनाची गोडी कशी लावावी

‘वाचायचा कंटाळा येतो’ असं मूल म्हणतं, तेव्हा बरेचदा त्याला वाचन जड जात असतं. ते कबूल करण्यापेक्षा कंटाळा आला म्हणणं सोपं. म्हणून आधी त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि चुका न काढता नुसतं ऐका. जोडाक्षरांशी अडखळत असेल, रफार गाळत असेल, तर सराव कमी पडतोय. ओळ सुटत असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, तर डोळे तपासून घ्या. घडाघडा वाचूनही जांभया येत असतील, तर बहुधा पुस्तकच त्याच्या आवडीचं नाही.

निवडीसाठी पाच बोटांची कसोटी पुरते. साधारण १०० शब्दांचं पान काढा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. दोन-तीन मिटली तर पुस्तक बेताचं. मूठच वळली तर ते तुम्ही वाचून दाखवा. एकही मिटलं नाही तरी खुशाल वाचू द्या. चित्रकथा, विनोद, डायनासोरची माहिती, सगळं वाचनच आहे. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तरी नाही म्हणू नका, त्यातूनच शब्द नजरेत बसतात.

आता रोजची १० मिनिटं. शेजारी बसा, पुस्तक दोघांच्या मध्ये.

१. दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, मुलाच्या वेगाने.

२. एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने पानावर टिचकी मारायची. तुम्ही लगेच गप्प.

३. ‘राक्षसाने दार ढकललं’ इथे ते ‘राक्…’वर अडलं, तर मनात पाच अंक मोजा. नाहीच जमलं तर ‘राक्षसाने’ असा अख्खा शब्द सांगा, त्याला म्हणू द्या आणि पुन्हा दोघं मिळून पुढे चला. शब्दाची फोड करत बसलात तर दारामागे काय होतं हेच हरवतं.

४. वेळ संपली की ऐन रंगात आलेल्या जागी थांबा. पुढचं त्याने स्वतःहून चोरून वाचलं, तर मनातल्या मनात खूश व्हा. बोलून दाखवू नका.

मोठी माणसं माती खातात ती इथे: वाचून झाल्यावर उलटतपासणी घेतात. ‘तात्पर्य काय?’ विचारलं की गोष्टीचा धडा होतो. त्यापेक्षा ‘मला तर त्या राक्षसाचीच कीव आली’ असं काहीतरी म्हणून सोडून द्या. पुस्तकामागे बक्षीस लावलं तर मूल सगळ्यात पातळ पुस्तक शोधतं. आणि वाचता येऊ लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका. मुलांना ऐकून कळणारी भाषा त्यांच्या वाचनाच्या कितीतरी पुढे असते.

नजरेच्या उंचीवर पाच-सहा पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवा, दर पंधरवड्याला बदला. नावडलेलं अर्ध्यात सोडायची मुभा असू द्या.

काही महिने नेमाने करूनही ओळखीचे शब्द रोज नव्यासारखेच वाटत असतील, तर डिस्लेक्सियाची (अक्षरं-शब्द ओळखून वाचणं मुळातच जड जाण्याची अडचण) तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या.