बॉनेटखालचं ॲल्युमिनियम कसं चमकवलं

इंदूरचा पावसाळा संपला, बॉनेट उघडलं, तर व्हॉल्व्ह कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर, पांढरी पावडर धरलेली. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, असाच पांढरा असतो. गल्लीतल्या एकानं कॉस्टिक सोड्यानं धुवायला सांगितलं. ते अजिबात करू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमच खातो, वर हायड्रोजन सुटतो.

सियागंज बाजारातून वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पॉलिश कागद आणले: ३२०, ६००, १०००, १५००; आकडा मोठा तितका कागद बारीक. कव्हर काढूनच घेतलं. जागेवर घासलं तर भुकटी इंजिनात जाते, आणि ते दुखणं भलतं महाग पडतं. कव्हराखाली उघड्या पडलेल्या इंजिनाच्या हेडवर स्वच्छ कापड घट्ट बसवलं. रॉकेल नि ब्रशनं तेलकटपणा काढला, मग साबणपाणी.

खरी मेख दिशेत आहे. ३२० आडवा मारला तर ६०० उभा मारायचा, आणि आडवे चरे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. घाई केलीत तर पॉलिशनंतर नेमका तोच चरा उठून दिसतो. पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण टाकला की कागद चोंदत नाही. गॅस्केट (तेल गळू नये म्हणून मधे बसणारी पट्टी) बसते त्या कडेला मात्र हात लावला नाही. तिथं चकाकीचं काय काम?

मग ब्रासो हे धातूचं पॉलिश, जुना बनियन आणि मनगटाचा जोर. कापड काळंकुट्ट होतं, होऊ द्यावं. आतून-बाहेरून धुऊन, वाळवून, नव्या गॅस्केटसह बसवलं. मेकॅनिककाका म्हणाले, "अहो, गाडी काय वरातीत न्यायचीय?"

वर मेणाचा पातळ हात दिलाय. इंजिनाच्या उष्णतेनं तो उतरतो, तेव्हा अधूनमधून पुन्हा पुसणं आलंच.