फरशीवर बसून खेळायच्या सिटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धेला निघताना (श्रिंकर घेतला का?)

जर्सी, टॉवेल, बाटली, ओळखपत्र. हे सांगत बसत नाही. अपंगत्वाच्या वर्गीकरणाचे वैद्यकीय कागद मात्र मूळ आणि झेरॉक्स वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. तुम्ही व्हीएस १ (जास्त अपंगत्व) की व्हीएस २ (कमी अपंगत्व) ते तपासणारे ठरवतात, आणि व्हीएस २ खेळाडू मैदानात एका वेळी एकच चालतो. तुमचं घोंगडं भिजत पडलं तर अख्ख्या टीमची जुळणी बदलते.

आता श्रिंकर. स्टंपवर, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर, चढवायचा तो घट्ट मोजा. आधी उठून तो बॅगेत टाका, मग पुढचं वाचा.

गेल्या वेळी मी विसरले. दोन मॅच, मध्ये तीन तास. खेळताना कृत्रिम पाय काढलेलाच असतो; मधल्या वेळात 'आता कुठे परत घालायचा' म्हणून तो भिंतीला टेकवला आणि स्टंप खाली सोडून गप्पा हाणत बसले. सॉकेटचा, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागाचा, दाब गेला की स्टंप फुगतो. माहीत नव्हतं असं नाही. संध्याकाळी लायनर (स्टंपवरचं मऊ आवरण, टोकाला अडकवायची पिन) चढवला, पाय सॉकेटमध्ये घातला. एरवी पिन आत जाताना सहा-सात वेळा टकटक वाजते. त्या दिवशी एकदा टक, पुढे काही नाही. उभं राहून जोर लावला तर टोकाला अशी कळ आली की डोळ्यांत पाणी. कुबड्या खोलीवर, कारण 'पाय आहे की'. आमच्यात दोन्ही पाय धड असलेली एकच जण, तिचा एक हात अधू. तिच्या दुसऱ्या खांद्याला धरून गाडीपर्यंत लंगडी घालत गेले. हसलो खूप, पण ते नंतर.

तर श्रिंकर दोन घ्या, एक घामाने भिजतोच. पाय काढला की लगेच चढवा, मॅच संपल्यावर नव्हे. बसाल तेव्हा स्टंप खुर्चीवर सरळ ठेवा. आणि कुबड्या हॉलमध्ये आणा. खोलीवर नाही, हॉलमध्ये.

कपडे. लांब पँट घ्या, फरशीवर सरकून कातडी सोलते. जाड अस्तराची नको, बुडाखाली उंची मिळते म्हणून चालत नाही. बोटांना टेप लागेल, कारण हातांनीच सरकायचं आणि हातांनीच खेळायचं.

नव्यांसाठी एवढंच: मैदान १० बाय ६ मीटर, नेट पुरुषांना १.१५ आणि बायकांना १.०५ मीटर. सर्व्हिसही ब्लॉक करता येते, त्यामुळे उभ्या खेळातली उंच, संथ सर्व्हिस इथे आयती समोरच्याच्या हातात जाते. स्मॅश मारताना बूड उचललं की फाउल. घरी कुणाला तरी फक्त बुडाकडे बघायला बसवा, स्वतःला कळत नाही.

मॅचच्या दिवशी लवकर पोचा, फरशीवर सरकून बघा, हलकं खा.

नंतर लायनर धुवा, स्टंपवर लाल चट्टे आहेत का आरशात बघा. रात्री श्रिंकर घालून झोपा. घेतलाय ना?