जुना चेनसॉ घेतलाय? दोरी ओढण्याआधी या चुका टाळा

विकणाऱ्याने दोन झटक्यांत मशीन सुरू करून दाखवलं, बाभळीचं एक लाकूडही कापलं. त्यावरून फार काही कळत नाही. तुम्ही पोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर थंड मशीनची तक्रार झाकली जाते. थंड मशीन सुरू करून लगेच बंद केलं असेल, तर गरम झाल्यावरची. झिजलेल्या इंजिनाची खूण तर हीच, की सकाळी झटकन सुरू होतं आणि तासाभराच्या कामानंतर चहाला थांबलं की पुन्हा दाद देत नाही.

घरी आणल्यावर होणारी चूक ठरलेली असते: टाकीत पेट्रोल, मग दोरी, मग स्क्रूड्रायव्हर. आधी इंजिनाच्या आत बघावं, मग हवेची गळती शोधावी, मग सुरू करावं. कार्बोरेटरचे स्क्रू सगळ्यात शेवटी.

टाकीतलं जुनं पेट्रोल तसंच वापरणं

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आधीच्या मालकाने ते किती घातलं होतं, घातलं होतं की नाही, हे त्या पेट्रोलकडे बघून खात्रीने सांगता येत नाही. ते पारदर्शक बाटलीत ओता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर पडवीत पडून राहिलेल्या मशीनच्या पेट्रोलमध्ये, बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला, तर कार्बोरेटरही उघडून साफ करावा लागणार हे धरून चाला.

नवं मिश्रण मोजून करा. स्टील, हस्कवर्नासारख्या कंपन्यांच्या मशीनला त्यांनी सांगितलेलं ऑइल वापरल्यास ५०:१, म्हणजे एक लिटरला २० मिली. बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळणाऱ्या ५२ किंवा ५८ सीसीच्या चिनी मशीनच्या पुस्तिकेत बहुधा २५:१ दिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. पुस्तिका हरवली असेल आणि ऑइलचा दर्जा माहीत नसेल, तर २५:१ ठेवा. धूर थोडा जास्त येईल, प्लग लवकर काळा होईल, पण पिस्टन वाचेल. डब्यावर ‘जासो एफडी’ (JASO FD, ही दर्जाची खूण) असं लिहिलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल घ्या. कार-मोटारसायकलचं चार-स्ट्रोकचं इंजिन ऑइल यात चालत नाही.

टाकी रिकामी आहे तोवर तारेच्या आकड्याने आतला पाइप बाहेर ओढून बघा. तो चिकट झाला असेल, कडक पडला असेल किंवा टाकीतून बाहेर पडतो तिथे चिरला असेल, तर लगेच बदला. टोकाचा छोटा फिल्टरही नवीन टाका. जुना धुऊन वापरण्यात काही हशील नाही.

पिस्टन न बघताच सुटे भाग मागवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नवी चेन, नवा बार (चेन ज्यावर फिरते ती लांब पाती), कार्बोरेटरचं किट असा खर्च होतो आणि मग कळतं की पिस्टनच खरवडलेला आहे. बघायला फार तर पंधरा मिनिटं लागतात.

मशीन पूर्ण थंड असताना सायलेन्सरचे दोन-तीन नट काढून तो बाजूला करा. दोरी हळूहळू ओढत पिस्टन खाली-वर करा आणि एग्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या खिडकीतून टॉर्च मारा. चांगल्या पिस्टनवर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. उभे ओरखडे दिसले, तर ते कुठे आहेत त्यावरून कारण कळतं. फक्त एग्झॉस्टच्या बाजूला असतील, तर इंजिन जास्त तापलं आहे: पेट्रोल कमी आणि हवा जास्त, किंवा ऑइल कमी. कार्बोरेटर काढल्यावर मिश्रण आत येण्याच्या बाजूला राखाडी, घासल्यासारखा भाग दिसला, तर एअर फिल्टर फाटका होता किंवा नीट बसत नव्हता आणि लाकडाचा भुसा, धूळ आत गेली. चारही बाजूंनी खरवडलेलं असेल, तर कोणीतरी नुसत्या पेट्रोलवर मशीन चालवलं आहे. कारण न शोधता नवा पिस्टन बसवला, की तोही त्याच वाटेने जातो.

खिडकीतून लाकडी काडीने पिस्टनभोवतीची रिंग हलकेच दाबा. ती आत जाऊन परत बाहेर यायला हवी. काजळीत चिकटून बसलेली रिंग साफ केली, तर कमी झालेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बरंच परत येतं, म्हणजे ते मशीन मेलेलं नसतं.

त्याच वेळी सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी बघा. ती काजळीने बुजली असेल, तर इंजिन सुरू होतं, आयडलिंगही छान धरतं, पण लाकडात घातलं की दम टाकतं. तारेच्या ब्रशने घासून परत बसवा. जाळी काढून फेकून देऊ नका. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात काम करताना तिची किंमत कळते.

मग कॉम्प्रेशन. गेज नसेल तर दोरीच्या मुठीला धरून मशीन उचला. चांगलं इंजिन मशीनला अडवून धरतं आणि ते टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली येतं. सरसर खाली गेलं तर शंका घ्या. डीकॉम्प्रेशनचं (दोरी ओढताना दाब कमी करणारं) बटण असेल तर ते दाबलेलं नाही ना, हे आधी बघा. गेज असेल तर स्विच बंद, चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढा. प्लगची वायर भोकापासून लांब, धातूला टेकवून ठेवा, नाहीतर ठिणगीने पेट्रोलची वाफ पेट घेईल. १५० पीएसआयच्या आसपास उत्तम. १२० च्या खाली गेलं तर गरम असताना सुरू करायला त्रास होणार.

इथे एक मेख आहे. गॅरेजमधलं कारचं लांब नळीचं गेज या छोट्या सिलिंडरवर बरंच कमी दाखवतं, कारण नळीतली रिकामी जागाच सिलिंडरच्या मानाने मोठी पडते. ज्या गेजचा वॉल्व्ह प्लगकडच्या टोकाला असतो, त्याच्याच आकड्यावर विश्वास ठेवा.

‘बोअर करून घेऊ’ म्हणणं

मोटारसायकलची सवय असलेला मेकॅनिक हे, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करणं, सहज सुचवतो. बहुतेक चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून निकेल किंवा क्रोमचा अगदी पातळ, कडक थर असतो. बोअर केलं की तो थरच जातो, आणि उरलेल्या मऊ धातूवर रिंग टिकत नाही. आधी नखाने तपासा. पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटून खरबरीत झालं असेल आणि खालचा थर शाबूत असेल, तर ते साफ करता येतं आणि फक्त पिस्टन व रिंग बदलून भागतं. थर सोलला असेल तर पिस्टनसकट पूर्ण सिलिंडर नवीन. त्यानंतर हिशेब करा, कारण जुन्या चिनी मशीनवर एवढा खर्च करण्यात अर्थ नसतो.

मशीन हवा ओढत असताना स्क्रू फिरवणं

आयडलिंग वर-खाली होतं, मशीन कुशीवर वळवलं की आवाज बदलतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही. ही लक्षणं दिसली की लोक कार्बोरेटरचे एल (कमी रेसचा) आणि एच (पूर्ण रेसचा) स्क्रू उघडून पेट्रोल वाढवतात. आवाज थोडा सुधारतो आणि खरा दोष झाकला जातो. कुठून तरी फालतू हवा आत जात असते: कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट चिरलेला, क्रँकची सील कडक झालेली, किंवा बूटाचा पट्टा ढिला. गळती वाढत जाते, पेट्रोल कमी पडतं, आणि एके दिवशी पूर्ण रेसमध्ये इंजिन जाम होतं.

तपासणी सोपी आहे. एग्झॉस्ट आणि कार्बोरेटरची बाजू रबराच्या तुकड्यांनी बंद करा, पिस्टन वर न्या म्हणजे खिडकी झाकली जाईल, आणि इम्पल्सच्या नळीतून (क्रँककेसमधून कार्बोरेटरकडे जाणारी) किंवा प्लगच्या भोकातून हातपंपाने साधारण ७ पीएसआय, म्हणजे अर्धा बार हवा भरा. प्लगच्या भोकातून भरणार असाल तर मात्र पिस्टन वर न नेता खालीच ठेवा, नाहीतर हवा क्रँककेसपर्यंत जाणारच नाही. साबणाचं पाणी सगळीकडे लावा. फेस येईल तिथे गळती. दाब टिकला तरी तेवढाच व्हॅक्यूम देऊनही बघा. सीलची कड आतल्या दाबाने घट्ट बसते आणि ओढ लागली की उघडते, म्हणून अर्धीच तपासणी फसवते.

गळती नाही याची खात्री झाल्यावर स्क्रू. दोन्ही हलक्या हाताने पूर्ण बंद करा (आवळू नका, टोक खराब होतं) आणि एकेक फेरा उघडा. अनेक मशीनना सुरुवातीला एवढं चालतं. काही छोट्या मशीनवर एकच स्क्रू बाहेरून फिरवता येतो. आयडलिंग मिनिटाला साधारण २,७०० ते २,८०० फेऱ्यांवर ठेवा आणि त्यावर चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर नुसती रेस कमी करून गप्प बसू नका. क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा ताणलेली असू शकते. एच स्क्रू कानाने लावायचा तर रिकाम्या पूर्ण रेसमध्ये आवाज किंचित फुटका, घोगरा हवा, आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ. रिकाम्या रेसमध्ये किंचाळणारा आवाज ऐकायला ताकदवान वाटतो, पण तो पेट्रोल कमी पडल्याचा आवाज आहे.

दहा मिनिटांनी बंद पडतं तेव्हा

टाकीचं झाकण उघडून बघा. ‘सुस्स’ आवाज आला आणि लगेच मशीन सुरू झालं, तर टाकीचा श्वास घेणारा वॉल्व्ह बुजलेला आहे. तो साफ करा, इतर काही उघडू नका. झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर तशा गरम अवस्थेतच ठिणगी बघा. गरम झाल्यावर ठिणगी जाते आणि अर्ध्या तासाने परत येते, हा कॉइलचा, म्हणजे ठिणगी तयार करणाऱ्या भागाचा, ठरलेला आजार. कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर ०.३ मि.मी. ठेवतात. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून आवळलं तर काम भागतं. प्लगचं अंतर ०.५ मि.मी.

नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर

बारची लांबी सांगून चेन घेणं ही दुकानातली नेहमीची गडबड. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजा: १६.५ मि.मी. असेल तर पिच (या अंतराच्या साधारण निम्मं, इंचात) .३२५, १८.६ च्या आसपास असेल तर ३/८. त्याशिवाय बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दातांची जाडी (१.३, १.५ की १.६ मि.मी.) आणि त्यांची संख्या हवी. १.५ च्या खाचेत १.३ ची चेन बसते, पण कलते, आणि काप वाकडा जातो. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणारं दातेरी चाक) अर्ध्या मि.मी.पेक्षा खोल खाचा पडल्या असतील तर तो बदला, नाहीतर नवी चेन तो लवकरच ताणून टाकतो. बार सपाट काचेवर कडेने उभा धरा. एकीकडे कलला तर त्याच्या दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या नाहीत.

धार लावताना गोल कानस पिचप्रमाणे घ्या: ३/८ लो-प्रोफाइलला (कमी उंचीची चेन) ४ मि.मी., .३२५ ला ४.८. दातापुढचा छोटा खुंट दातापेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली असावा. तो न घासता उंच राहिला तर चिपट्यांऐवजी पीठ पडतं. जास्त घासला तर चेन लाकूड पकडते आणि मशीन अंगावर उसळतं. दात ४ मि.मी.पेक्षा कमी उरला की चेन भंगारात.

बारला जळकं ऑइल

गॅरेजमधून फुकट मिळतं म्हणून बरेच जण गाडीतून काढलेलं काळं ऑइल बार-चेनच्या वंगणासाठी घालतात. त्यातले धातूचे कण ऑइलचा पंप खातात, ते चेनला चिकटून राहत नाही, आणि त्वचेला घातक ते वेगळंच. बार ऑइल नसेल तर ९० नंबरचं ताजं गिअर ऑइल बरं. तपासायला बारचं टोक फिकट लाकडासमोर वीतभर धरून अर्धी रेस द्या, अर्ध्या मिनिटात ऑइलची रेघ उमटायला हवी. नसेल उमटत तर आधी बारचं छोटं भोक आणि खाच भुशाने भरली आहे का बघा. बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं. पंप त्यानंतर.

ब्रेक ‘नंतर बघू’

पुढची ढाल वायरने बांधून टाकलेली किंवा ब्रेकचा पट्टाच काढलेली मशीन जुन्या बाजारात सर्रास दिसतात. मशीन जमिनीवर घट्ट दाबून पूर्ण रेस द्या आणि डाव्या हाताची मूठ न सोडता मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन तत्काळ थांबली पाहिजे. मग इंजिन बंद करून, ढाल मागे घेऊन, मागच्या मुठीला धरून बारचं टोक हातभर उंचीवरून ओंडक्यावर पडू द्या. झटक्याने ब्रेक आपोआप लागायला हवा. पट्टा सर्वांत पातळ जागी ०.६ मि.मी.पेक्षा कमी असेल तर तो तुटण्याच्या बेतात आहे. चेन तुटल्यावर अडवणारा खालचा आकडा आणि ॲक्सिलरेटरचं वरचं लॉक जागेवर आहे ना, तेही बघा.

क्लच काढायची वेळ आली तर त्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की तो सुटतो. इंजिन अडवायला प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालू नका, पिस्टनला भोक पडेल. जाड सुती दोरीचा वेटोळा आत सोडा आणि टोक बाहेर ठेवा.

पहिली टाकी मऊ लाकडावर संपवा. ती संपत आली की पूर्ण रेसमध्ये कापत असतानाच स्विच बंद करून, मशीन निवल्यावर प्लग काढून बघा: बिस्किटी रंग ठीक, पांढरा म्हणजे एच स्क्रू पाव फेरा उघडा, काळा आणि ओला म्हणजे थोडा बंद करा. त्या पहिल्या टाकीनंतर सायलेन्सरचे नट पुन्हा एकदा आवळा, ते हमखास ढिले होतात. गरम चेन ताणली असेल तर काम संपल्यावर ती सैल करा. निवताना ती आखडते आणि सगळा ताण क्रँकच्या बेअरिंगवर येतो.