व्हॉल्व्ह रेडिओची घरघर
मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे बंद राहिलेला व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ थेट २३० व्होल्टवर लावणे धोक्याचे असल्याने प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी मी तो प्रथम ६० वॅटच्या साध्या बल्बच्या सिरीजमध्ये जोडला. संच बोलू लागला, परंतु आवाज फाटत होता आणि त्याखाली सतत घरघर होती. अशा वेळी बरेच जण आधी महागडे व्हॉल्व्ह बदलतात, जे सहसा ठणठणीत असतात. घरघर फिल्टरच्या, म्हणजे वीजपुरवठा सपाट करणाऱ्या भागाच्या, सुकलेल्या कंडेन्सरांमुळे (विद्युतभार साठवणाऱ्या घटकांमुळे) होती. ते बदलताना मूळ क्षमताच ठेवली, कारण ईझेड८० या रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. फाटणाऱ्या आवाजामागचा खरा घातकी निघाला ईएल८४ या स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (प्रवाहावर नियंत्रण ठेवणाऱ्या जाळीकडे) जाणारा कागदी कंडेन्सर. त्यातून वीज गळत असल्याने, जिथे जवळपास शून्य व्होल्ट हवे तिथे मीटर धन व्होल्टेज दाखवत होता, आणि त्यामुळे व्हॉल्व्हमधून अतिरिक्त प्रवाह वाहून स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकला असता. लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर तिथे बसवला. (प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरांत विद्युतभार राहतो; ते रेझिस्टरमधून रिकामे केल्याशिवाय आत हात घालू नये.) आता मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झवरील अस्मिता वाहिनी स्वच्छ लागते, उरलेली खरखर मात्र मोबाइल चार्जर आणि एलईडी दिव्यांची असून ते बंद करताच थांबते.