दाट कुरळे केस कोरडे विंचरू नका
अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये फॉस्टर केअरमधून (आईवडिलांपासून दूर असलेलं मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला देण्याची व्यवस्था) कृष्णवर्णीय मूल तुमच्या घरी आलं, तर त्याचे केस कोरडे कधीच विंचरू नका. प्रत्येक वळणावर तुटतात. धुणं आठवड्यातून एकदाच. केसांचे चार-सहा भाग करा, पाणी फवारा, भरपूर कंडिशनर लावा. बट गुंत्याच्या वर, मुळाच्या बाजूला घट्ट धरा, म्हणजे डोक्याला हिसका बसत नाही. मग रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकं सोडवा आणि थोडं थोडं वर सरका. नुसत्या तेलाने ओलावा येत नाही, असलेला टिकतो. म्हणून तेल ओलसर केसांवरच. वेण्या सैल घाला. कानशिलापाशी बारीक पुटकुळ्या दिसल्या तर लगेच सोडा, नाहीतर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. झोपताना साटीनची टोपी. केस कापायचे तर आधी मुलाला आणि सोशल वर्करला विचाराच.